कुंपणावरचं फळ कुणाचं? ब्रिटनमधल्या शरदातल्या तोडणीची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या शेतांभोवतीची जिवंत कुंपणं फळांसाठी कुणी लावलेली नाहीत. काही मध्ययुगातली आहेत, काही त्याहूनही जुनी. पण इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात सरळ रेषेत दिसणारी बहुतेक कुंपणं साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांतली. गावाची सामायिक जमीन तेव्हा संसदेच्या कायद्यांनी खासगी मालकीत वाटली जात होती. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडची पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त जमीन आली. हद्द आखायला स्वस्त, काटेरी आणि लवकर वाढणारं झाड हवं होतं, म्हणून हॉथॉर्नची रोपं मैलोन्‌मैल लावली गेली. रानगुलाब, ब्लॅकबेरी, एल्डर मागाहून आले, बरेचसे पक्ष्यांच्या विष्ठेतून. ज्यांचं चराऊ रान गेलं त्यांच्या वाट्याला कुंपणावरची रानफळं तेवढी उरली. कडवट वाटलं तरी हिशेब असाच आहे.

२९ सप्टेंबरच्या मायकेलमस या ख्रिस्ती सणानंतर ब्लॅकबेरी खाऊ नये, सैतान तिच्यावर थुंकतो, ही समजूत प्रसिद्धच आहे. तारखेत मात्र घोळ आहे. १७५२ मध्ये कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले गेले आणि जुना मायकेलमस १० ऑक्टोबरवर गेला. त्यामुळे काही भागांत सैतान अकरा दिवस उशिरा येतो. थंडी आणि दमट हवेत फळावर बुरशी चढते, हे यामागचं साधं कारण.

परसातल्या झाडांचा इतिहास याहून शांत आहे. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये एका मुलीनं बी पेरली. त्या झाडाचं आंबट, मोठं सफरचंद पुढे ब्रॅम्ली म्हणून घराघरात शिजू लागलं. नाव मात्र मुलीचं नाही, तिच्यानंतर ते घर विकत घेणाऱ्या खाटकाचं. डॅमसन हा छोटा आंबट प्लम परस आणि कुंपण या दोन्हींच्या मधला. श्रॉपशर आणि वेस्टमोरलंडमध्ये तो मुद्दाम हद्दीवर लावत, म्हणजे आडोसाही व्हायचा आणि सप्टेंबरात टोपल्याही भरायच्या.

सरकारचं लक्ष या फळांकडे गेलं ते युद्धात. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सैन्याच्या जॅमसाठी शाळकरी मुलांना ब्लॅकबेरी वेचायला शाळेच्या वेळात सोडलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. संत्र्यांची आवक आटली, लहान मुलांना क जीवनसत्त्व द्यायचं कुठून, हा प्रश्न होता. रानगुलाबाच्या लाल फळांत ते संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. १९४१ च्या शरदात सुमारे २०० टन फळं गोळा झाली आणि पुढच्या काही वर्षांत हा आकडा साडेचारशे टनांच्या घरात गेला. वेचणारी बहुतेक मुलं आणि बायका. मोबदला दर पौंडभर वजनामागे काही पेन्स. फळाच्या आत बारीक केस असतात, ते घशाला आणि आतड्याला टोचतात, म्हणून शिजवलेला रस दोनदा गाळून मगच सिरप करत. तेच केस वर्गमित्राच्या कॉलरमध्ये टाकले की काय होतं, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

सिरपबद्दल कुणाची फारशी तक्रार नव्हती. वाद पेटला तो जॅमवरून.

साखरेचं रेशनिंग जानेवारी १९४० मध्ये सुरू झालं. त्याच उन्हाळ्यात आणि शरदात परसांमध्ये प्लम आणि सफरचंदं इतकी लागली की झाडाखाली सडायची वेळ आली. ग्रामीण महिलांच्या एका देशव्यापी संघटनेनं अन्न खात्याकडून खास साखर मिळवली आणि गावच्या सभागृहांत, शाळांत, शेतघरांच्या स्वयंपाकघरांत जॅम केंद्रं उघडली. अमेरिकेतून भेट आलेली, हातानं फिरवायची डबाबंद यंत्रंही काही ठिकाणी पोहोचली. पहिल्याच हंगामात सोळाशे टनांहून अधिक जॅम, जेली आणि डबाबंद फळं तयार झाली. त्या वर्षी नियम सैल होते. आपली फळं आणायची, गावासाठी जॅम करायचा, उरलेला विकायचा.

मार्च १९४१ मध्ये जॅम आणि मार्मालेडही रेशनवर गेले, सुरुवातीला माणशी महिन्याला ८ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. केंद्रांसाठी यातून जो नियम निघाला त्याचे पडसाद युद्ध संपेपर्यंत उमटत राहिले. केंद्रात तयार झालेली प्रत्येक बरणी आता राष्ट्रीय साठ्यात गेली. फळ आणणाऱ्या बाईला फळाचे ठरलेले पैसे मिळत, पण जॅम हवा तर तिनं दुकानात जाऊन आपल्या कूपनावर घ्यायचा. दिवसभर तापलेल्या पातेल्यांपुढे उभं राहण्याचे पैसे नाहीत, वर आपल्याच झाडाच्या प्लमची बरणी घरी नेता येत नाही.

खात्याची बाजू समजण्यासारखी होती. साखर सगळ्या देशाच्या वाट्यातली, जहाजांवरून जीव धोक्यात घालून आणलेली. ज्याच्या परसात झाड आहे त्याला जादा जॅम आणि शहरातल्या चाकरमान्याला आठ औंस, हे रेशनिंगच्या मुळावरच आलं असतं. शिवाय जॅम टिकावा म्हणून त्यात साठ टक्के साखर हवी, असं प्रमाण ठरलेलं होतं. प्रत्येक केंद्र आपापल्या चवीनं करू लागलं असतं तर माल दुकानात चालला नसता. एवढं मान्य करूनही मला बायकांचा राग रास्त वाटतो. फळ त्यांचं, श्रम त्यांचे, आणि घराघरातल्या पाककृती बाजूला ठेवून वरून आलेल्या एकाच कृतीप्रमाणे जॅम शिजवायचा. काही जणींनी केंद्राकडे पाठ फिरवली आणि मिळेल तेवढी साखर साठवून घरीच बरण्या भरल्या. तरीही १९४० ते १९४५ मध्ये या केंद्रांनी सुमारे १ कोटी २० लाख पौंड फळं वाचवली. आज त्या बायकांचं कौतुक होतं ते याच आकड्यावर; त्यांच्या तक्रारींचा उल्लेख त्यात क्वचितच असतो.

साखर रेशनमुक्त झाली सप्टेंबर १९५३ मध्ये, नेमकी शरदाच्या तोंडावर. पण तोवर धोरणाची दिशा बदलली होती. जास्त धान्य पिकवायचं तर मोठी यंत्रं हवीत आणि यंत्रांना मोठी शेतं. आपल्याकडची ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण तिकडे जवळजवळ सरकारी धोरण झाली. कुंपण उपटायला अनुदान मिळू लागलं आणि ते १९७० च्या दशकापर्यंत चाललं. १९४५ नंतर निम्म्याच्या आसपास कुंपणं गेली असा अंदाज सर्रास दिला जातो. ज्या फांद्यांवरून मुलांनी टनावारी रानगुलाब वेचला, त्या उपटायला दहा-पंधरा वर्षांत त्याच सरकारनं पैसे मोजले.

उरलेल्या कुंपणावरची फळं कोण घेऊ शकतं, याचं उत्तर इंग्लंड आणि वेल्सपुरतं १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात आहे. रानटी उगवलेल्या झाडाचं फळ, फूल किंवा पाला तोडणं ही चोरी नाही, मात्र विकण्यासाठी किंवा मोबदल्यासाठी तोडलं तर चोरी. झाडच उपटून नेलं तर ही सवलत नाही. दुसऱ्याच्या रानात शिरण्याचा परवानाही यातून मिळत नाही. पूर्वी लावलेला, आता वई होऊन बसलेला डॅमसन रानटी मानायचा की नाही, हे मात्र कलम वाचून कळत नाही. पार्टीतल्या पदार्थासाठी हॉटेलवाल्यानं तोडलेल्या ब्लॅकबेरी आणि घरच्या ‘पाय’साठी (फळं भरून भाजलेल्या पदार्थासाठी) तोडलेल्या ब्लॅकबेरी यांत फरक आहे, इतकं मात्र नक्की.

१९९७ च्या नियमांनी २० मीटर किंवा त्याहून लांब कुंपण काढण्याआधी स्थानिक प्रशासनाला कळवणं बंधनकारक केलं. घराच्या बागेभोवतीची कुंपणं त्यातून वगळली. नियम उपटण्याविषयी आहेत, छाटणीविषयी नाहीत, आणि फळांच्या दृष्टीनं खरं दुखणं छाटणीत आहे. हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न आदल्या वर्षाच्या लाकडावर फुलतात. ट्रॅक्टरला जोडलेलं छाटणी यंत्र दरवर्षी फिरलं की फुलायचं लाकूडच उरत नाही. तीन वर्षांतून एकदा छाटलं तर फळ दुपटीहून बरंच जास्त लागतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

युरोपीय अनुदानांच्या अटींमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटणी बंद होती. त्या अटी २०२३ अखेर संपल्या आणि मे २०२४ मध्ये इंग्लंडनं तीच बंदी स्वतःच्या नियमांत आणली, कुंपणाच्या मध्यापासून दोन मीटर पट्टा न नांगरण्याच्या अटीसह. दोन हेक्टर किंवा त्याहून लहान शेतांना ही पट्ट्याची अट लागू नाही. बंदीचं कारण पक्ष्यांची घरटी, आणि ते योग्यच आहे. पण ती उठते १ सप्टेंबरला, ब्लॅकबेरी ऐन भरात असताना आणि स्लो, म्हणजे ब्लॅकथॉर्नची फळं, अजून पिकायची असताना. शेतकऱ्यांचं म्हणणं, थंडीत जमीन ओली होऊन यंत्र रुततं, त्यामुळे सप्टेंबरातच उरकावं लागतं. छाटणी जानेवारी-फेब्रुवारीवर ढकलणाऱ्यांना अनुदान देणाऱ्या योजना आहेत, पण त्यांत जायचं की नाही हे शेतकऱ्यानं ठरवायचं.