पेस्टो

पेस्टो : सब्जाच्या जातीतील गोड बेसिलची (ऑसिमम बॅसिलिकम, कुल – लॅमिएसी) ताजी पाने वाटून तयार होणारे, पास्त्याला न शिजवता लावायचे वाटण. उगम उत्तर इटलीच्या लिग्युरिया प्रांतात. जेनोआ शहराचे नाव त्याला कायमचे जोडले गेले आहे. ‘पेस्तारे’ म्हणजे ठेचणे, या इटालियन क्रियापदावरून संज्ञा आली. उन्हाळ्यात परसातली रोपे पानांनी भरलेली असताना, पास्ता उकळून होईपर्यंत पेस्टो वाटून होतो.

त्याच्या प्राचीनत्वाबद्दल मतभेद आहेत. रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर मोडणाऱ्या, पण बहुधा त्याच्या नसलेल्या ‘मोरेतुम’ या लॅटिन काव्यात एक शेतकरी लसूण, चीज, मीठ आणि हिरवा पाला खलात कुटून त्यात तेल व व्हिनेगर घालतो. त्यावरून काही लेखक पेस्टोची परंपरा थेट रोमन काळापर्यंत नेतात. मात्र त्या वर्णनात बेसिल नाही, आणि कुटण्याची रीत तर भूमध्य सागराच्या काठी सर्वत्रच होती. जेनोआतील ‘आल्याता’ या लसणीच्या जुन्या वाटणात पुढे बेसिलची भर पडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. छापील कृती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आढळतात. त्यांपैकी जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या पाकपुस्तकातील कृती (साल सामान्यतः १८६३ मानतात) नेहमी उद्धृत होते. तीत बेसिल न मिळाल्यास मार्जोरम व पार्स्ली चालते, पार्मेझानसोबत डच चीज पडते, वाटताना थोडे लोणीही लागते. अस्सल पेस्टो एकच, असा आग्रह धरणाऱ्यांनी ही कृती अवश्य वाचावी.

आज रूढ असलेले घटक सात : बेसिल, लसूण, पाइनच्या बिया, पार्मेझान चीज, मेंढीच्या दुधाचे पेकोरीनो चीज, जाडे मीठ आणि ऑलिव्ह तेल. चौघांसाठी सुमारे ५० ग्रॅम पाने पुरतात. २००५ मध्ये युरोपीय संघाने ‘बासीलिको जेनोवेझे’ला (जेनोआच्या बेसिलला) संरक्षित उगमनाम, म्हणजे ठराविक प्रदेशातील मालालाच वापरता येणारे नाव, दिले, ते पानाला आहे, वाटणाला नव्हे. जेनोआच्या पश्चिमेकडील प्रा येथील कोवळे, लहान पान विशेष नावाजलेले आहे.

पानाच्या पृष्ठावरील सूक्ष्म ग्रंथींत लिनालूल, युजेनॉल इ. सुगंधी द्रव्ये असतात. ग्रंथी फुटल्या की वास दरवळतो. पण त्याच वेळी पेशींतील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एंझाइम हवेच्या संपर्कात काम सुरू करते आणि हिरवा रंग काळवंडतो. म्हणून पाने धुऊन पूर्ण कोरडी करतात, वाटण झटपट उरकतात आणि तेलाने हवा अडवतात. खल संगमरवरी, बत्ता लाकडी. आधी लसूण व मीठ, मग पाने. बत्ता आपटायचा नाही. पाने खलाच्या भिंतीवर दाबत गोल फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने खल त्याच्या कानांना धरून उलट दिशेने वळवायचा. पानांतून चकचकीत हिरवा रस सुटला की बिया, नंतर चीज, शेवटी तेल. मिक्सरच्या पात्याने वाटण तापते. तो वापरायचाच असेल, तर भांडे आधी थंड करून थांबत थांबत फिरवावा.

पास्ता ‘त्रेनेत्ते’ (लांब, चपट्या पट्ट्या) किंवा ‘त्रोफिए’ (आखूड, पिळदार) जातीचा असतो. बटाट्याच्या फोडी व फरसबी त्याच पाण्यात उकळतात. पास्ता निथळण्यापूर्वी पळीभर पाणी बाजूला काढतात. त्यातील स्टार्चमुळे तेल फुटून वेगळे न होता वाटण पास्त्याला धरून राहते. हे कालवणे विस्तवावरून उतरवल्यावरच करावे. आचेवर पेस्टोचा ताजेपणा जातो व चीजच्या गुठळ्या होतात.

दक्षिण फ्रान्सच्या प्रॉव्हान्समधील ‘पिस्तू’ या अशाच वाटणात बिया सहसा नसतात, सिसिलीतील त्रापानीच्या प्रकारात टोमॅटो व बदाम असतात.