ब्रेकचा गळका होज बदलताना

टाकीतले ब्रेक ऑइल कमी होतेय आणि चाकाच्या आतल्या बाजूला चिकट ओल दिसतेय, तर आधी कॅलिपरकडे (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चाकाजवळचा भाग) जाणारा रबरी होज तपासावा. दाब धातूच्या नळीतून चाकाजवळ येतो, पण चाक वरखाली होते, वळते, म्हणून शेवटचा हातभर तुकडा लवचीक असतो. जोरात ब्रेक मारला की त्यात ७० ते १०० बार दाब तयार होतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीसपट. टेप गुंडाळून किंवा क्लिप आवळून हे थांबत नाही. गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा विचारही करू नये.

लागणारे सामान थोडेच: त्याच मॉडेलचा होज, बँजो बोल्टसाठी (होजचे कड्यासारखे टोक, म्हणजे बँजो, कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे दोन नवे वॉशर आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचे, सीलबंद डब्यातले अर्धा लिटर ब्रेक ऑइल. डॉट ३, डॉट ४ ग्लायकॉलवर आधारित असतात, डॉट ५ सिलिकॉनचे. ग्लायकॉल आणि सिलिकॉनची सरमिसळ चालत नाही. एका बाजूचा होज वयाने फुटला असेल तर दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा आहे, तोही बदलावा.

गाडी सपाट जागी, चाकांना अडण लावून, जॅकवर नव्हे तर स्टँडवर ठेवावी. होज आणि धातूच्या नळीचा सांधा तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवणारे तेल मारावे आणि घाई न करता ते मुरू द्यावे. खरी फजिती इथेच होते. साध्या पान्याने नटाच्या कडा झिजतात. फ्लेअर नटचा पाना (नळीवरून सरकवता यावा म्हणून एका बाजूला फट असलेला कड्यासारखा पाना) नट जवळजवळ सगळीकडून पकडतो. होजचे टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे. नटाबरोबर नळीही फिरू लागली तर लगेच थांबावे, नाहीतर होजच्या कामात नळीचे काम वाढते.

नट सोडण्याआधी पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून काठीने अडकवले तर मास्टर सिलिंडरमधले (पेडलने दाब तयार करणारा, टाकीखालचा भाग) टाकीकडून येणारे भोक बंद होते आणि टाकी रिकामी होत नाही. (ब्रेकलाइट पेटते राहतात, बॅटरी उतरू नये म्हणून त्यांचा फ्यूज काढावा.)

नवा होज आधी कॅलिपरला लावावा. बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर येतो. जुना वॉशर दाबला जाऊन कडक झालेला असतो, तो खाचा भरून काढत नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याचा ठरवून दिलेला जोर) आवळावा. बहुतेक गाड्यांत तो २० ते ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मग वरचे टोक ब्रॅकेटमध्ये बसवून नट आवळावा, क्लिप ठोकावी. होजवरची छापील रेघ सरळ दिसली पाहिजे. ती गोल फिरलेली असेल तर होजला पीळ बसला आहे. स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज कुठे ताणला जात नाही, टायरला घासत नाही ना, ते बघावे.

आता उरते हवा. ऑइल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिमी धरला तर आत अडकलेली १ घनसेंटिमीटर हवा चिरडण्यातच पिस्टनचे ३ मिमी खर्ची पडतात. पेडलची तरफ चौपट असेल तर पायाखाली तेच १२-१३ मिमी होतात, आणि तेवढे दाबूनही ब्रेकला काहीच मिळालेले नसते. पेडल स्पंजासारखे लागते ते यामुळे.

काठी काढून ब्लीडर निपलला (कॅलिपरवरची, हवा बाहेर काढायची छोटी तोटी) पारदर्शक नळी लावावी, तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. मदतनीसाने पेडल दाबून धरायचे, तुम्ही निपल उघडून बंद करायचे, त्यानंतरच त्याने पाय उचलायचा. बुडबुडे संपेपर्यंत हेच चालू ठेवावे. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेऊ नये, कारण सिलिंडरच्या न वापरलेल्या गंजक्या भागावर सील फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. टाकी मिन रेषेखाली जाऊ देऊ नये. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनरच लागतो.

रंगावर सांडलेले ऑइल रंग खाते, लगेच पाण्याने धुवावे. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबावे आणि सांधे कोऱ्या कागदाने पुसून बघावे. कागद ओला झाला, किंवा पाय हळूहळू खाली जात राहिला, तर गाडी बाहेर काढायची नाही.