'लंडन झू' घेतलीत ना? मग सुईवर नाणं ठेवण्याआधी हे वाचा

द बग नावाच्या संगीतकाराची 'लंडन झू' ही खोल बेसवाली रेकॉर्ड आमच्याकडून नेणाऱ्या प्रत्येकाला हा कागद रेकॉर्डसोबत देतोय, कारण या एका रेकॉर्डवरून जेवढे फोन येतात तेवढे बाकी अख्ख्या रॅकवरून येत नाहीत. दादा सुई उडतेय, दादा आवाज फाटतोय, पीस डिफेक्टिव्ह आहे बदलून द्या. आणि दुकानातल्या टर्नटेबलवर लावली की तीच रेकॉर्ड बहुतेक वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत व्यवस्थित वाजते.

सगळ्यात आधी नाण्याचं बोलू. सुई उडायला लागली की घरातलं कोणीतरी मोठं माणूस सांगतं, हेडशेलवर, म्हणजे सुई बसवलेल्या आर्मच्या टोकावर, एक रुपयाचं नाणं ठेव, आमच्या वेळी असंच करायचो. त्यांच्या वेळी ते खपून जायचं, कारण जुन्या रेडिओग्रामची सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) मुळातच जास्त वजनावर चालायची. आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचं तसं नाही. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई घ्या, तिला २ ग्रॅम वजन लागतं, १.८ ते २.२ च्या आतच ठेवायचं. एक रुपयाचं नाणं एकटंच तीन ग्रॅमच्या वर भरतं, आणि ते सुईच्या बरोबर डोक्यावर ठेवलेलं असल्यामुळे जवळजवळ सगळं वजन सुईवरच येतं. सुई उडायची थांबते हे खरं, पण ती ग्रूव्ह, म्हणजे रेकॉर्डवरची खाच, खरवडत चाललेली असते. अशी रेकॉर्ड आमच्याकडे परत येते तेव्हा भिंगाखाली ग्रूव्हच्या कडा पांढुरक्या दिसतात, सुई धरणारी बारीक दांडी वर दाबली गेलेली असते, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला आलेलं असतं, आणि हेडशेलवर सेलोटेपचा चिकटा अजून तसाच असतो. अशी रेकॉर्ड आम्ही बदलून देत नाही आणि देणारही नाही. सुई नवी बसवता येते, खरवडलेली ग्रूव्ह परत होत नाही.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न, की लताबाईंची रेकॉर्ड सुंदर वाजते आणि हीच का उडते? कारण जुन्या फिल्मी रेकॉर्डमध्ये एवढा खालचा बेस नाहीच. खोल बेसला ग्रूव्ह डावी-उजवीकडे मोठे हेलकावे घेते, सुईला प्रत्येक हेलकाव्याबरोबर जावं लागतं, आणि आर्म नीट सेट नसेल तर ती बाहेर फेकली जाते. म्हणजे सेटिंगमधली चूक आधीपासूनच होती, या रेकॉर्डने ती फक्त उघडी पाडली.

सेटिंग घरी करता येतं, फक्त घाई नको. आधी टर्नटेबल सपाट आहे का बघा, मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालेल. अँटी-स्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण) शून्यावर न्या, सुईचं झाकण काढा, आर्म हातात धरून मागचं काउंटरवेट, म्हणजे आर्मच्या शेपटावरचं गोल वजन, फिरवत राहा, जोपर्यंत आर्म वर-खाली न होता हवेत आडवा तरंगत नाही. तरंगला की आर्म स्टँडवर ठेवून लॉक करा आणि काउंटरवेट न हलवता पुढची आकड्यांची रिंग तेवढी शून्यावर आणा. मग रिंगसकट अख्खं वेट फिरवून २ वर घ्या, म्हणजे तुमच्या कार्ट्रिजला जो आकडा सांगितलाय त्यावर, आणि अँटी-स्केटिंगही तेवढंच ठेवा. गडबड होते ती शेवटी, बरेच जण नुसती रिंगच २ वर फिरवतात, वेट जागचं हलतच नाही, आणि आकडा २ दिसतो पण सुईवर वजन काहीच नसतं. खात्री करायची तर छोटा डिजिटल काटा मिळतो, आमच्याकडे असतो, आणि टर्नटेबल आमच्याकडून घेतला असेल तर पहिलं सेटिंग आम्ही पैसे न घेता करून देतो.

ज्यांच्याकडे सूटकेस प्लेअर आहे त्यांना वाईट वाटेल पण स्पष्ट सांगतो, ही रेकॉर्ड त्याच्यावर लावू नका. स्पीकर त्याच पेटीत, वजन बदलायची सोय नाही, बेस आला की पेटीच हलते आणि पेटीबरोबर सुई. म्हणूनच काउंटरवर आम्ही आधी विचारतो की घरी प्लेअर कुठला आहे. कोणाला ते आगाऊपणाचं वाटतं, पण विकून मोकळं होण्यापेक्षा विचारलेलं बरं.

चांगला टर्नटेबल असून पण स्पीकर त्याच शोकेसवर ठेवलेत तर तेच होतं. स्पीकरची थरथर लाकडातून सुईपर्यंत जाते, सुई ती परत ॲम्पला देते, आणि घूं असा आवाज वाढतच जातो. स्पीकर वेगळ्या स्टँडवर घ्या. आणि १० बाय १२ च्या खोलीत १२ फुटांच्या बाजूला साधारण ४७ हर्ट्झचा बेस घुमतो, नेमका या असल्या म्युझिकच्या पट्ट्यातला, त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर एकाच सुरावर ढुम्म करतो आणि बाकी बेस गायब वाटतो. भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून बघा, आधी फुकटातला उपाय करा, मग स्टँडसाठी आमच्याकडे या. फोनवर ऐकून बेस नाही म्हणणाऱ्यांनी निदान हेडफोन तरी लावावेत, फोनचा स्पीकर एवढा खालचा आवाज काढूच शकत नाही.

आवाज फाटतो याची दोन कारणं आहेत. एक वायरिंगचं. तुमच्या टर्नटेबलमध्ये प्रीॲम्प (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) आतच असेल आणि मागचा स्विच लाइनवर असेल, तर वायर ॲम्पच्या फोनो (टर्नटेबलसाठीच्या) सॉकेटमध्ये घालायची नाही, नाहीतर बेस दोनदा वाढवला जातो आणि सगळं चिरकतं. उलट, स्विच फोनोवर आणि वायर ऑक्सच्या साध्या सॉकेटमध्ये असेल तर आवाज बारीक आणि पातळ येतो. दुसरं कारण खुद्द रेकॉर्ड. केविन मार्टिन, म्हणजे द बग, बेस मुद्दाम घाणेरडा करतो, तो आवाज तसाच हवा म्हणून केलेला आहे. ओळखायचं असं, तेच गाणं स्ट्रीमिंगवर त्याच ॲम्पवरून लावा. तिथेही बेस तसाच खरखरत असेल तर तो कलाकाराचा आहे. पण गाणाऱ्याचा 'स' चरचरत असेल, आणि तोही साईडच्या शेवटी-शेवटी जास्त, तर सुई किंवा तिचा कोन बघायला लागेल, घेऊन या.

अजून एक प्रश्न सारखा येतो, प्रत्येक गाण्यात आवाज वेगळा, मग हे कलेक्शन आहे का? नाही. हा २००८ साली निन्जा ट्यूनवर आलेला एकाच माणसाचा अल्बम आहे, आणि पाहुणे गायक बोलावणं ही अशा जमैकन धाटणीच्या म्युझिकची मूळ रीतच. जमैकात एक रिडिम, म्हणजे गाण्याखालचा ठेका आणि बेस, बनवायचा आणि त्यावर अनेकांनी आपापलं गाणं म्हणायचं. १९८५ मध्ये किंग जॅमी या तिथल्या निर्मात्याने कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर स्लेंग टेंग नावाचा रिडिम काढला आणि डान्सहॉल, म्हणजे जमैकाचं नाचाचं म्युझिक, डिजिटल झालं. जॅमीचा गुरू किंग टबी, डबचा (गाण्यातला आवाज काढून बेस आणि घुमारा पुढे आणणाऱ्या म्युझिकचा) मोठा माणूस, किंग्स्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करायचा आणि साऊंड सिस्टिमसाठी, म्हणजे नाचाच्या पार्ट्यांतल्या मोठ्या स्पीकरसाठी, स्वतः ॲम्प बांधायचा. आम्हा दुरुस्तीवाल्यांना त्याच्याबद्दल जास्तच जिव्हाळा आहे.

'लंडन झू' मधले आवाज नीट ऐका. टिपा आयरी ऐंशीच्या दशकातल्या लंडनच्या सॅक्सन साऊंड या साऊंड सिस्टिमचा, जीभ कशी चालते बघा. वॉरियर क्वीन जमैकाची, तिच्यासमोर बेसलाच दबून राहावं लागतं. फ्लोडॅन ग्राइमवाला (ग्राइम म्हणजे लंडनचं रॅपसारखं म्युझिक), 'रोल डीप' या ग्रुपमधला, पुढे २०२४ मध्ये स्क्रिलेक्स आणि फ्रेड अगेनबरोबरच्या गाण्याला ग्रॅमी मिळालं तोच हा. रॉजर रॉबिन्सन कवी आहे, २०१९ चं टी. एस. एलियट प्राइझ त्याच्या कवितासंग्रहाला मिळालं, आणि इथे तो अगदी हळू गातो. स्पेसएप २०१४ मध्ये गेला, त्याचा तो खोल बोलका आवाज इथे आहे. हे आवडलं तर याच केविन मार्टिनचा रॉबिन्सनबरोबरचा किंग मिडास साऊंड हा ग्रुप मागा, स्टॉकमध्ये नसेल तर मागवून देऊ.

बदलून देण्याबद्दल. रेकॉर्ड आणली की आम्ही ती तुमच्यासमोर आमच्या टर्नटेबलवर लावतो, आणि आमच्याकडेही उडली तर काही न विचारता दुसरी देतो. नाही उडली तर तुमचा टर्नटेबल घेऊन या, शनिवार सोडून, शनिवारी गर्दी असते आणि सेटिंगला शांतपणा लागतो. आणताना सुईचं झाकण लावा, आर्म क्लिपने लॉक करा, काउंटरवेट आणि प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) काढून वेगळे गुंडाळा, आणि रिक्षात डिकीत न टाकता मांडीवर घ्या.