हिऱ्याच्या रिपोर्टवर गर्डलची दोन मापं का असतात?

बेळगावात खडेबाजारात किंवा शहापुरात हिरा घेताना रिपोर्टवरचं कॅरट, रंग आणि क्लॅरिटी सगळेच वाचतात. ‘गर्डल’ची ओळ मात्र वगळली जाते. तिथे ‘मीडियम टू स्लाइटली थिक, ३.५%’ असं काहीतरी छापलेलं असतं. यातला शब्द आणि टक्का एकाच जागेचं माप सांगत नाहीत.

गर्डल म्हणजे हिऱ्याचा वरचा आणि खालचा उतार जिथे मिळतो ती कड. दागिन्यातले प्रॉंग, म्हणजे हिरा पकडणारे धातूचे बारीक आकडे, तिलाच धरतात. पूर्वी दोन हिरे काठ्यांना चिकटवून हाताने एकमेकांवर घासत. त्यामुळे कड वेडीवाकडी, पुष्कळदा सुरीच्या धारेसारखी पातळ राही. १८७०च्या दशकात बोस्टनला हेन्री मॉर्सच्या कारखान्यात चार्ल्स फील्डने वाफेवर चालणारं घासयंत्र बनवलं, आणि हिरा खऱ्या अर्थाने गोल होऊ लागला. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्कीने गोल हिऱ्याच्या प्रमाणांचं गणित मांडलं, पण त्यात गर्डलची जाडी धरलेलीच नव्हती. तशी कड प्रत्यक्षात टिकत नाही.

जीआयए या अमेरिकेतल्या रत्नपरीक्षण संस्थेने १९५५ साली हिऱ्याची प्रत सांगणारे ग्रेडिंग रिपोर्ट सुरू केले. त्यांवर गर्डलची जाडी शब्दांतच येई: ‘एक्स्ट्रीमली थिन’पासून ‘एक्स्ट्रीमली थिक’पर्यंत, तीही १० पट भिंगातून पाहून ठरवलेली. गोल हिऱ्यांना कट ग्रेड, म्हणजे घडणीचा दर्जा, देणारे नवे रिपोर्ट २००६ पासून आले आणि शब्दाच्या जोडीला टक्का आला.

गोल हिऱ्याची कड सगळीकडे सारखी नसते, पैलूंमुळे ती लाटेसारखी जाड-पातळ होत जाते. शब्द ठरतो पातळ जागांवरून, कारण टवका तिथेच उडतो. टक्का मोजतात तो वरचे आणि खालचे मुख्य पैलू समोरासमोर येतात त्या जाड जागांवर, आणि त्यांची सरासरी व्यासाच्या तुलनेत देतात. दोन्हींत साधारण १.७ टक्क्यांचा फरक पडतो. ६.५ मिमी व्यासाच्या हिऱ्यात ३.५% म्हणजे जाड जागी ०.२३ मिमी, पातळ जागी जेमतेम ०.१२ मिमी. एकूण खोलीच्या हिशेबात जाड जागेचाच आकडा जातो: वरचा भाग १५%, गर्डल ३.५% आणि खालचा ४३% मिळून ६१.५%. आकडे पूर्णांकित केलेले असल्याने थोडा फरक दिसला तर घाबरू नये.

जाड कडेत वजन लपतं, आणि ग्राहकाचं खरं नुकसान इथे होतं. याच व्यासाच्या हिऱ्याची कड १ टक्क्याने वाढवली की सुमारे ४ सेंट (०.०४ कॅरट) वजन वाढतं, पण वरून हिरा तेवढाच दिसतो. उलट वजन १ कॅरटच ठेवून गर्डल २ टक्के जाड केलं, तर व्यास जवळपास ०.१६ मिमीने घटतो. पैसे कॅरटवर मोजले जातात, म्हणून व्यासाचे मिमी नेहमी शेजारी ठेवून पाहावेत. जीआयएच्या ‘एक्सलंट’ कटसाठी गर्डल शब्दांत ‘थिन’ ते ‘स्लाइटली थिक’ आणि आकड्यांत २.५ ते ४.५% चालतं. आपल्यालाही तेवढीच मर्यादा पुरे. गर्डल पैलूदार आहे की नुसतं पॉलिश केलेलं, यावर उगाच खल करू नये. खरखरीत कडेवर मात्र मळ धरतो आणि हिरा आतून करडा दिसू लागतो.

आपल्याकडच्या घरांत आजीच्या हिऱ्याच्या कुड्या मोडून अंगठी करायची असते, तेव्हा ही माहिती सगळ्यात जास्त उपयोगी पडते. जुन्या घाटाच्या हिऱ्यांची कड अनेकदा फार पातळ असते. बंद कोंदणात सोनं चहूबाजूंनी आधार देतं, म्हणून ती इतकी वर्षं शाबूत राहिली. तोच हिरा चार प्रॉंगमध्ये बसवला की दाब चार बिंदूंवर येतो. प्रॉंगमधली खाच तिरकी किंवा अरुंद असेल तर बसवतानाच टवका उडतो. म्हणून हिरे काढल्यावर आधी प्रत्येकाची कड भिंगाखाली फिरवून पाहावी, असलेले टवके आणि वजन पावतीवर लिहून घ्यावं, आणि कड पातळ असेल तर कारागिराला बंद कोंदणच करायला सांगावं.