पॅचर मशीनवरचा काळा रंग : पार्श्वभूमी

कोल्हापुरी चपलेचा तळ पारंपरिक पद्धतीत चामड्याच्या वादीने हातानेच शिवतात. मशीनचे काम पट्टे, अस्तर, पिशव्या आणि दुरुस्तीपुरते. या कामासाठी जगभर गाजलेले शिलाई मशीन म्हणजे सिंगरचे २९के पॅचर. त्यातला ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावचा किलबोवी कारखाना. तो १८८५ साली पूर्ण झाला आणि १९८० साली बंद पडला. मशीनवरच्या अनुक्रमांकाच्या आधी एकच अक्षर असेल तर मशीन साधारण १९०० ते १९३५ मधले, दोन अक्षरे असतील तर त्यानंतरचे. मशीन खोलण्याआधी हा क्रमांक टिपून घ्यावा, कारण जुना रंग कोणता असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मूळ काळा थर आजच्या इनॅमलसारखा नाही. नैसर्गिक डांबर, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण बिडावर लावून भट्टीत दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसवर भाजत. इंग्रज त्याला जपानिंग म्हणत. त्यावर सोनेरी नक्षी चिकटवून वर वार्निशचा पातळ थर देत. हे वार्निश लाखेचे असेल तर स्पिरिटने विरघळते आणि नक्षी पांढुरकी, चंदेरी दिसू लागते. म्हणून मूळ रंग टिकलेल्या मशीनला स्पिरिट किंवा थिनर अजिबात लावू नये. मशीनचे तेल आणि मऊ सुती फडके पुरते. निम्म्याहून जास्त मूळ थर शाबूत असेल तर नवा रंग देऊच नये, असे आमचे ठाम मत आहे.

रंग खराब होण्याचे इथले कारण खुद्द चामड्यात आहे. बाभळीच्या साली आणि हिरड्यात पकवलेले चामडे किंचित आम्ल असते, आणि काम करताना ते ओलसर ठेवतात. हिरड्यातले टॅनिन उघड्या लोखंडाला भेटले की काळा डाग पडतो. जुनी शाई याच रसायनाने बनत असे. डाग चामड्यावर तर पडतोच, लोखंडही गंजते. म्हणून शिलाईची पट्टी आणि फूट (चामडे दाबून धरणारा पाय) रंगवू नयेत: घासून रंग लगेच निघतो आणि गंज झाकला जाऊन आत वाढतो. निकेलचा मुलामा देऊन घेतलेला बरा.

पूर्ण रंगकाम करायचेच असेल, तर आधी यंत्र दुरुस्त करावे. २९के मध्ये कापड सरकवणारे दाते खाली नसतात. फूटच चामडे ओढतो आणि तो सगळ्या दिशांना फिरतो. त्याला हलवणाऱ्या कोनी तरफेचा भाग झिजला की टाका आखूड पडतो. मशीनच्या बाहूतील दातेरी पट्टी व चाक झिजले की शटलची (खालचा दोरा अडकवणाऱ्या भागाची) वेळ चुकते. चकाकता रंग दिल्यावर हे उघडणे म्हणजे रंगाचे नुकसानच.

बीड सच्छिद्र असते, त्यात वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. रॉकेलने धुऊन ते निघत नाही. सुटे ओतकाम ऐंशी-शंभर अंशांवर तापवावे, वर आलेले तेल थिनरने पुसावे, आणि तेल वर येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. तसे न करता रंग मारला तर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मग रेड ऑक्साइड प्रायमर, खड्ड्यांपुरती पातळ लांबी (पुट्टी), चारशे नंबरच्या वॉटर पेपरने ओली घासणी, आणि इनॅमलचे दोन-तीन पातळ हात. जुन्या थरांत शिशाचा रंग असू शकतो, म्हणून कोरडे घासू नये.

शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक पट्ट्यात पावडर कोटिंग सहज होते, आणि ते स्वस्त वाटते. पण तो थर साठ-ऐंशी मायक्रॉनचा असतो. शाफ्टची भोके बंद न करता दिला तर शाफ्ट आत जात नाही. त्याआधी वाळूचा मारा केला असेल तर कण तेलाच्या वाटांत अडकतात आणि बुशिंग खातात. मारा करायचाच असेल तर प्रत्येक भोक बुचाने बंद करून करावा.

शेवटी हवामान. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापूरच्या दमट हवेत नायट्रोसेल्युलोज रंग (थिनर उडून झटपट सुकणारा) मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि काळा रंग दुधाळ दिसतो. सावकाश उडणारा थिनर मिसळून थोडा फरक पडतो. मात्र चांगले काम हवे असेल तर पावसाळ्यात यंत्राची दुरुस्ती उरकावी आणि रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत द्यावा. सोनेरी नक्षीच्या पाण्याने सुटणाऱ्या नव्या पट्ट्या रंग पूर्ण सुकल्यावर, किमान आठवडाभराने, लावाव्यात. त्यावरचे संरक्षक वार्निश आधी एका फालतू पट्टीवर तपासून घ्यावे.