तावेर्न (गोवा)

तावेर्न म्हणजे गोव्यातील गावचे पारंपरिक मद्यालय. बहुधा राहत्या घराची दर्शनी खोली, लाकडी काउंटर, दोन-तीन बाकडी आणि मागे फेणीने भरलेले गर्राफांव, म्हणजे मोठ्या पोटाचे काचेचे बुधले, एवढाच तिचा पसारा. काउंटरमागे घरचेच कोणीतरी असते. शेतावरून किंवा होडीवरून परतणारा माणूस इथे उभ्याउभ्या एक ‘कोप’ घेतो, कुणाचे लग्न ठरले, कुणाच्या बागेत माकडे शिरली हे ऐकतो आणि घरची वाट धरतो. गावची चावडीच ती. किनाऱ्यावरच्या पर्यटकी बारशी तिची गल्लत करू नये.

तावेर्नची मुळे माडाच्या सुरेत, म्हणजे माडीत, आहेत. माडावर चढून सूर काढणारे ते रेंदेर. सूर भट्टीवर गाळून माडाची फेणी होते. दक्षिण गोव्यात, विशेषतः सासष्टीत, ती अधिक चाले. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू आणला आणि पुढे डोंगरउतारांवरच्या या झाडाने माडालाही मागे टाकले. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर अबकारी पद्धत गोव्यात आली. सुरेच्या माडांवर कर बसला आणि त्याची झळ रेंदेरांना सोसावी लागली.

काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. झाडावरून आपोआप गळलेले बोंडूच वेचायचे, हा जुना दंडक. बोंडू पायांनी तुडवून रस काढतात. उरलेल्या चोथ्यावर दगड ठेवला की निथळतो तो निरो. गोड, नशा नसलेला आणि ताजाच प्यायचा. तुडवलेला रस काही दिवस आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या गाळपात हुर्राक मिळतो, सुमारे १५ टक्के मद्यार्काचा. त्यात आंबवलेला रस मिसळून पुन्हा गाळले की फेणी, सुमारे ४२ टक्क्यांची. तावेर्नवाला भट्टीवर जाऊन माल पारखतो. फेणी उंचावरून पेल्यात ओततात. बुडबुड्यांची माळ काठाशी किती वेळ टिकते त्यावरून कस ठरतो. ग्राव, म्हणजे मद्याची तीव्रता, मोजणारे उपकरण असले तरी जुन्या मंडळींचा भरवसा या माळेवरच.

काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा मद्याचा दर्जा दिला. ज्या खोल्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या गावात खपवली, त्यांना मात्र असे काही मिळाले नाही, ही मोठी उणीव आहे. उलट सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६च्या निकालाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली. पुढे त्यात सवलती आल्या, पण अरुंद गोव्यात रस्त्याकाठच्या छोट्या दुकानांची तोवर बरीच ओढाताण झाली. माडावर चढणारे हात कमी झाले, माडाची फेणी दुर्मीळ होत गेली. पणजीच्या फोंतेन्यास भागातील जोसेफ बारसारख्या जुन्या जागेत आता तरुणांची गर्दी असते. खेड्यांतल्या तावेर्नांचे बळ वेगळे आहे. हुर्राक फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तो आसपासच संपवावा लागतो. हंगामात लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातलेला हुर्राक, सोबत मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, यासाठी लोक ओळखीच्या तावेर्नचीच पायरी चढतात आणि जवळच्या भट्टीवाल्याचे पैसे त्याच काउंटरवर सुटतात.