मेड्युलोब्लास्टोमा: तीन दिवसांच्या रेडिएशनचा वाद

मेड्युलोब्लास्टोमा म्हणजे लहान मेंदूत होणारी, मुख्यतः मुलांमध्ये दिसणारी कर्करोगाची गाठ. तिला हे नाव मिळालं १९२५ मध्ये. तेव्हा नुसत्या शस्त्रक्रियेवर मूल क्वचितच तीन वर्षं जगायचं. गाठीच्या पेशी मेंदूतल्या पाण्यातून मणक्यात उतरतात, म्हणून डोक्यापासून माकडहाडापर्यंत रेडिएशन द्यायची पद्धत १९५० च्या दशकात रुळली आणि मुलं वाचू लागली.

जुना डोस संपूर्ण मेंदू-मणक्याला ३६ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक). रोज १.८ ग्रे, म्हणजे २० दिवस. तोंडावर जाळीचा मास्क घट्ट बसवून मूल टेबलावर निश्चल पडून राहायचं. वाचलेली कित्येक मुलं शाळेत मागे पडली. मणक्याची वाढ खुंटल्याने पाय लांब आणि धड तोकडं राहिलं. डोस कमी करायची धडपड यातूनच सुरू झाली.

१९८० च्या दशकात अमेरिकेत केमोशिवाय २३.४ ग्रे देऊन पाहिलं. रिलॅप्स, म्हणजे आजार परतणं, लवकर आणि जास्त दिसू लागल्याने चाचणी आवरावी लागली. मग त्याच डोसला व्हिनक्रिस्टिन, लोमुस्टिन, सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधांची जोड मिळाली. १९९९ च्या निष्कर्षांत जवळपास ८० टक्के मुलं पाच वर्षं आजार न बळावता राहिली. स्टँडर्ड रिस्कसाठी, म्हणजे गाठ पसरलेली नाही आणि शस्त्रक्रियेत जवळपास सगळी निघाली अशा मुलांसाठी, हा डोस कायम झाला.

खरा वाद पुढचा. ३ ते ७ वर्षांच्या मुलांना १८ ग्रे पुरेल का? २३.४ म्हणजे १३ दिवस, १८ म्हणजे १०. फरक तीन दिवसांचा. हे तपासणाऱ्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये छापून आला: रिलॅप्स किंवा अन्य गंभीर घटनेविना पाच वर्षं गेलेली मुलं १८ ग्रेमध्ये ७१.४ टक्के, २३.४ मध्ये ८२.९. कमी डोसच्या मुलांची बुद्ध्यांक-चाचणी पुढे बरी आली, हेही त्यात आहे. पण शंभरातल्या अकरा मुलांचा फरक तळटीपेत ढकलण्यासारखा नाही. त्याच चाचणीत मेंदू-मणक्याच्या रेडिएशननंतर द्यायचा जास्तीचा डोस लहान मेंदूच्या सबंध भागाऐवजी फक्त गाठीच्या जागेला दिला, तर नुकसान झालं नाही. या चांगल्या निष्कर्षाची चर्चा मात्र फार कमी होते.

एव्हाना जनुकीय तपासणीने या आजाराचे चार गट पाडले होते: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटी गटाची मुलं सर्वांत बरी होतात, म्हणून मुंबईत अशा मोजक्या मुलांना संपूर्ण मेंदू-मणक्याचं रेडिएशन न देता फक्त गाठीच्या जागेवर देऊन पाहिलं. काहींचा आजार मेंदू-मणक्याच्या त्याच सोडलेल्या भागात परतला आणि अभ्यास वेळेआधी थांबला. चांगल्या गटातही रेडिएशन किती कमी करायचं, याचं हे सर्वांत स्पष्ट उत्तर.

‘रिलॅप्स’ या शब्दाचाही गुंता आहे. एसएचएच गटात आजार बहुधा मूळ जागीही परततो. गट ३ आणि ४ मध्ये मुख्यतः मेंदू-मणक्याच्या आवरणांवर, गट ४ मध्ये कधी फार उशिरा. पण बऱ्याच वर्षांनी एमआरआयवर दिसलेला डाग प्रत्येक वेळी जुना आजार नसतो. रेडिएशनमुळे झालेली नवी गाठ, ग्लायोमा, तशीच दिसते. रेडिएशनने मेलेल्या ऊतीचा डागही फसवतो. उपचार तिन्हींचे वेगळे. म्हणून उशिराच्या ‘रिलॅप्स’मध्ये शक्य असेल तिथे बायोप्सीचा आग्रह धरला जातो, आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात गाठीचा डीएनए शोधून स्कॅनच्या आधी आजाराची चाहूल घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत.